इंग्रजी-मराठी कोश की सोप्या इंग्रजीतला कोश?

आठवीतल्या भाचीसाठी इंग्रजी-मराठी शब्दकोश घ्यावा की सोप्या इंग्रजीत अर्थ सांगणारा, असे ताईने विचारले. नेमकेपणात दुसरा सरस ठरतो: ‘शॅडो’ आणि ‘शेड’ या दोहोंसाठी मराठीत ‘सावली’च येते, परंतु पहिली म्हणजे प्रकाश अडल्याने पडलेली काळी आकृती आणि दुसरी म्हणजे उन्हापासून आडोसा देणारी जागा, हा भेद इंग्रजी व्याख्या स्पष्ट करते. वस्तूंच्या नावांत मात्र उलटे घडते. ‘कोरिअँडर’ची व्याख्या वाचूनही राहिलेली शंका ‘कोथिंबीर’ या एका शब्दाने फिटते. श्रमांचे म्हणाल, तर १९७८ च्या लाँगमन या सोप्या इंग्रजीतल्या कोशाने व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांत बसवल्या, पण त्यांतले बरेचसे आधी यावे लागतात. म्हणून अगदी नवशिक्याला इंग्रजी-मराठी कोश योग्य. स्वतः वाक्ये लिहू लागलेल्या भाचीसाठी मी दुसराच घेईन.