दिवाळी भेटीचे वीस हजार : 'समाजकार्याचा' डबा, लिज्जत, आनंदवन की सरळ देणगी?

आमच्या पतसंस्थेत ४० सेवक. दर दिवाळीला माणशी ५०० रुपयांची भेट, म्हणजे २०,००० रुपये. गेल्या वर्षी संचालक मंडळाने ठरावात एक शब्द जास्तीचा घातला : भेट 'समाजोपयोगी' असावी. खरेदी आम्हा तिघांच्या गळ्यात पडली आणि त्या एका शब्दाचा अर्थ लावता लावता नवरात्र उलटलं. यंदा असं काम तुमच्याकडे आलं असेल, तर आमची चाचपणी वाचून घ्या.

झाकणावर पुण्य छापलेला डबा

पहिला नमुना आला तो सुकामेव्याचा. देखणा, किंमत बरोबर ५०० आणि झाकणावर सोनेरी अक्षरांत 'या खरेदीतील एक भाग मुलींच्या शिक्षणासाठी'. मी विक्रेत्याला फोन लावला. एक भाग म्हणजे किती? "सर, ते मॅनेजमेंट ठरवतं." कोणत्या संस्थेला? "ते पण मॅनेजमेंटच." खरं तर विषय इथेच संपायला हवा होता, पण आमच्यातल्या एकाला डबा फार आवडला होता.

आकडा छापलेला असला तरी तो केवढा असतो, तेही पाहा. क्लासमेटच्या वह्या वापरलेल्यांना आठवत असेल : चार वह्यांमागे १ रुपया गावाकडच्या मुलांच्या शिक्षणासाठी. आकडा स्पष्ट आहे, त्याबद्दल या वह्या काढणाऱ्या आयटीसी कंपनीला माझ्याकडून पूर्ण गुण. पण ४० वह्या घेतल्या तर होतात १० रुपये. देशभरच्या खपावर ती रक्कम मोठी होते हे खरं. तरी चांगली वही कोणती, एवढाच विचार करून वही घ्यावी.

आणखी एक गोम आहे. वर्षाला ५ कोटी नफा, १,००० कोटी उलाढाल किंवा ५०० कोटी नक्त मूल्य यांपैकी एक जरी रेषा कंपनीने गाठली, तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं तिला २०१४ पासून कायद्याने भाग आहे. म्हणजे वेष्टनावरचा रुपया या दोन टक्क्यांच्या आतला की वरचा? वेष्टन तेवढं सांगत नाही.

"मग टाटाचं काहीतरी घ्या," असं कुणीतरी म्हणतंच. त्यात तथ्य आहे. टाटा समूहाची मुख्य कंपनी असलेल्या टाटा सन्सची सुमारे ६६ टक्के मालकी टाटा ट्रस्टांकडे आहे, आणि परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टनेच उभं केलं. पण चहाच्या पुड्यातला रुपया ट्रस्टापर्यंत पोचतो तो एकाखाली एक लावलेल्या चाळण्यांमधून. आधी खर्च, मग नफा, नफ्यातला लाभांश, लाभांशात टाटा सन्सचा वाटा, आणि पुन्हा टाटा सन्सचा लाभांश. दोन पुडे सारखेच वाटत असतील तर खुशाल हा उचला. त्यासाठी चार पैसे जास्त मात्र मोजू नका.

लिज्जत : देणगी नको म्हणणारी संस्था

या सगळ्या यादीत समाजकार्याचा दावा सर्वात कमी करते ती लिज्जत. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तोटा आला तरी देणगी मागायची नाही, हे तेव्हाच ठरलं. आज सभासद बहिणी ४५,००० च्या आसपास आहेत, आणि पुरुषाला सभासद होता येत नाही. बहिणीने सकाळी शाखेतून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पापड जमा करून मजुरी घ्यायची आणि नवं पीठ न्यायचं. या मजुरीला तिथे 'वणाई' म्हणतात. वर नफ्यातही तिचा वाटा असतो, कारण मालक तीच आहे.

इथे आमचं डोकं ताळ्यावर आलं. सुकामेव्याच्या डब्यात मालक कमावतो आणि त्यातलं थोडं दुसऱ्या कुणाला देतो. लिज्जतमध्ये ते 'दुसरं कुणी'च मालक आहे. एक भाग किती, हा प्रश्नच उरत नाही.

अडचण वेगळीच आहे. पापडाची पाकिटं दिवाळी भेट म्हणून हातात ठेवली तर सेवक तोंडावर काही बोलणार नाहीत, नंतर वर्षभर बोलतील. (लिज्जतची 'ससा' धुलाई पावडरही आहे. ती भेट द्यायची सूचना खरोखर आली होती.)

आनंदवन आणि बचत गट

१९४९ मध्ये बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. दया नको, काम द्या, हा वरोऱ्याच्या आनंदवनाचा पाया. म्हणूनच तिथलं हातमागाचं कापड 'बिचाऱ्यांनी विणलंय' म्हणून घेणं म्हणजे त्या पायावरच घाव. टॉवेल चांगला आहे म्हणून घ्यावा. भेट म्हणून तो पापडापेक्षा शोभतो, वर्षभर वापरात राहतो. पण ४० नग एकसारखे हवे असतील आणि माल चंद्रपूर जिल्ह्यातून यायचा असेल, तर गणपतीतच हालचाल करायला हवी. दसऱ्याला जागं होणाऱ्या आमच्यासारख्यांचं ते काम नव्हे.

बचत गटाचा फराळ हा सर्वात जवळचा पर्याय, आणि सर्वात बेभरवशाचाही. पैसे थेट लाटणाऱ्या-तळणाऱ्या हातात जातात, मधे कुणी नसतं. मात्र मधे कुणी नसतं म्हणून तपासणाराही नसतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याच सोसायटीने एका गटाकडून मागवलेल्या चकल्या वसुबारसेलाच मऊ पडल्या होत्या. तेव्हा दोन गोष्टी पाहा : पाकिटावर अन्नसुरक्षेच्या परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक आहे का, आणि आधी अर्धा किलो मागवून आठ दिवस डब्यात ठेवून कसा राहतो. घासाघीस करू नका. किलोमागे २० रुपये पाडून घ्यायचे आणि त्यालाच समाजोपयोगी खरेदी म्हणायचं, याला काही अर्थ नाही.

सरळ देणगी

हिशेबाला हा पर्याय सर्वात चोख. २०,००० दिले की २०,००० पोचतात. डब्याच्या झाकणावरचं पुण्य कंपनीच्या नावावर जमा होतं, इथे पावती आपल्या नावाची. संस्थेला देणगीवरच्या करसवलतीची (८०जी) मान्यता असेल तर वैयक्तिक देणगीवर करात सवलतही मिळते, फक्त जुनी करप्रणाली निवडलेली हवी आणि २,००० पेक्षा जास्त रक्कम रोख दिलेली नको.

संचालकांपैकी दोघांना हेच हवं होतं : सेवकांच्या वतीने एखाद्या संस्थेला २०,००० द्यायचे आणि प्रत्येकाला आभाराचं कार्ड. मी कडाडून विरोध केला. आमच्या शिपायाच्या घरी दिवाळीला पाचशेची वस्तू येणार असते, तिच्याकडे मुलांचे डोळे लागलेले असतात. त्या पैशाचं दान त्याला न विचारता करायचा अधिकार आम्हाला कुणी दिला? भेट त्याची आहे. आपला वाटा एवढाच की ती कुणाकडून घ्यायची.

शेवटी माणशी ३५० रुपयांचा फराळ एका बचत गटाकडून घेतला, अर्धा किलोची परीक्षा पास झाल्यावर. उरलेल्या १५० मध्ये लिज्जतचे पापड आणि मसाले बसवले, आणि सगळं साध्या कापडी पिशवीत घातलं. टॉवेलांची चौकशी यंदा वेळेत सुरू केली आहे.

देणगीची हौस असलेल्या संचालकांसाठी आम्ही एक स्वतंत्र ठराव मांडला : संचालकांनी आपला वर्षभराचा बैठक भत्ता पसंतीच्या संस्थेला द्यावा. तो पुढच्या सभेवर ढकलण्यात आला आहे.