टोक्यो की ओसाका? नोकरीसाठी जपानला निघण्याआधी

कंपनीने ‘कुठलं ऑफिस हवं?’ असं विचारलं की बहुतेक जण क्षणाचाही विचार न करता टोक्यो म्हणतात. मीही तेच म्हटलं होतं. दोन वर्षं टोक्योत काढली, मग बदली होऊन ओसाकाला आले आणि इथेच रमले. तरीही येणाऱ्या प्रत्येकाला ओसाकाच सांगेन असं नाही. घरात माणसं किती आणि तुम्हाला जपानी किती येतं, या दोन गोष्टींवर माझं उत्तर बदलतं. पहिल्या आठवड्यात शहर कसं वाटलं यावर मात्र विसंबू नका, ती छाप दोन्हीकडे फसवी निघते.

टोक्योत आधी अंगावर येते ती शांतता. मुंबईच्या लोकलमधून प्रवास केलेल्या माणसाला गर्दीचं काय, असा माझा समज होता. निशि-कासाईला सकाळी पावणेआठला तोझाई लाइनच्या डब्यात शिरले, तेव्हा चेंगरणं ओळखीचंच होतं, पण आवाज कुठेच नव्हता. ‘दादर उतरणार का?’ नाही, ‘जरा सरकून घ्या’ नाही. सगळ्यांच्या सॅक पोटाशी धरलेल्या, फोन सायलेंटवर, आणि शेजारणीचा श्वास ऐकू येईल इतकं चिडीचूप. २०१९ साली याच लाइनवर किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात सकाळची गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के मोजली गेली होती. पहिले पंधरा दिवस मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय म्हणून कुणी बोलत नाही.

ओसाकात उलटं झालं. मिदोसुजी लाइनवर उमेदाहून निघाले होते. शेजारच्या आजींनी पर्स उघडली, चुरगळलेल्या पिवळ्या कागदातली लिंबाची गोळी काढली आणि सरळ माझ्या तळहातावर ठेवली. ‘आमे-चान’, म्हणाल्या. आमे म्हणजे गोळी, आणि चान हे लाडाचं संबोधन, आपण पोराला सोन्या-बाळ्या म्हणतो तसं. इथे ते गोळीलाही लावतात! मग कुठून आलीस, थंडी सोसते का, अशा चौकश्या. त्यातलं मला निम्मंच कळलं.

निम्मंच कळलं, कारण ओसाकाची बोली वेगळी. पुण्यात पुस्तकावरून शिकून आलेल्याला ‘किती’ म्हणजे ‘इकुरा’ माहीत असतं. इथे दुकानात ‘नानबो’ ऐकू येतं. ‘दामे’चं, म्हणजे ‘चालणार नाही’चं, ‘आकान’ होतं, ‘होंतो’चं, म्हणजे ‘खरंच’चं, ‘होम्मा’. प्रमाण मराठी शिकलेला माणूस पहिल्यांदा वऱ्हाडात गेला तर जसा गांगरेल, तसंच. भाषा अगदी कच्ची असेल तर टोक्यो सोपं, कारण कानावर पडतं ते पुस्तकाच्या जवळचं असतं. चार वाक्यं जोडता येत असतील तर मात्र ओसाकासारखी शाळा नाही. इथली माणसं बोलायला लावतात.

या छापा फसव्या का म्हणते? टोक्योतल्या त्याच अबोल ऑफिसात, मला ‘गुड मॉर्निंग’पलीकडे एक शब्द न बोललेली सहकारी स्वतःची सुट्टी टाकून माझ्यासोबत वॉर्ड ऑफिसला आली. घर मिळाल्यापासून १४ दिवसांत तिथे पत्ता नोंदवावा लागतो आणि फॉर्म सगळे जपानीत होते. आणि ओसाकात ट्रेनमध्ये कितीही गप्पा झाल्या, तरी ऑफिसमधली शिस्त आणि वरिष्ठांपुढचं मोजून बोलणं टोक्योइतकंच असतं. गोळी मिळाली म्हणून कामाचे तास कमी होत नाहीत.

पैशाचं नीट ऐका, सगळ्यात जास्त चटका तिथेच बसतो. घर घेताना शिकिकिन म्हणजे डिपॉझिट, रेइकिन म्हणजे घरमालकाला दिलेली आणि कधीच परत न येणारी रक्कम, एजंटची फी, हमीदार कंपनीची फी, शिवाय पहिलं भाडं. सगळं मिळून महिन्याच्या भाड्याच्या चार-पाच पट रक्कम एका दमात जाऊ शकते. टोक्योत त्यावर दर दोन वर्षांनी करार वाढवताना साधारण एक महिन्याचं भाडं ‘कोशिन-र्यो’ म्हणून देण्याची पद्धत आहे. ओसाकात ती फारशी दिसत नाही. भाडंही ओसाकात बरंच कमी. पगारात मात्र तेवढा फरक असेलच असं नाही: ऑक्टोबर २०२४ पासून तासाचं किमान वेतन टोक्योत १,१६३ येन होतं, तर ओसाकात १,११४. दोन्हीकडे यूआर या सरकारी संस्थेची घरं मिळतात. रेइकिन नाही, हमीदार नाही, एजंटची फी नाही. पगाराची अट बसत असेल तर आधी तीच बघा.

मुलं शाळेत जाणारी असतील तर माझं मत बदलतं, टोक्योच घ्या. २००० च्या सुमारास वायटूकेच्या, म्हणजे सन २००० उजाडताना संगणकांतल्या तारखा चुकू नयेत म्हणून निघालेल्या कामासाठी आलेले आयटीवाले एदोगावा वॉर्डात निशि-कासाईच्या आसपास राहिले आणि तिथे आपली वस्ती वाढत गेली. त्या पट्ट्यात सीबीएसईच्या शाळा आहेत, तूरडाळीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं चालत जाऊन मिळतं. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ साली याच एदोगावाच्या वॉर्ड सभेवर निवडून आले. टोक्यो मराठी मंडळाचा गणेशोत्सवही आहे. बायको-मुलांना पहिल्या महिन्यातच चार मराठी शब्द ऐकू येणं किती मोलाचं असतं, ते घरी एकटं बसावं लागलेल्या माणसालाच कळतं.

ओसाकात एवढी दाट वस्ती नाही. इथली आधाराची जागा म्हणजे कोबे. ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. मोत्यांच्या व्यापारामुळे तिथे गुजराती कुटुंबं पूर्वीपासून आहेत, कितानोमध्ये १९८५ साली बांधलेलं जैन मंदिर आहे. मसाले मी तिथूनच आणते.

शाकाहारी असाल तर दोन्ही शहरांत सारखीच कसोटी. ‘निकु नाशि’, म्हणजे मांस नको, एवढं सांगून भागत नाही, कारण मासा त्यात धरत नाहीत आणि वाळवलेल्या माशाची दाशी, म्हणजे उकळून काढलेलं पाणी, सूपपासून भाजीपर्यंत सगळ्यात असते. ‘मासा नको, दाशीही नको’ हे वाक्य विमानातच पाठ करा.

नोकरी बदलायची शक्यता ठेवून येत असाल तर टोक्योला तोड नाही. आयटी आणि बँकिंगच्या संधी तिथेच एकवटल्या आहेत. ओसाकाची ताकद यंत्रं, इलेक्ट्रॉनिक्स आणि औषधं. दोशोमाची ही औषध कंपन्यांची गल्ली तर एदो काळापासूनची, म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं जुनी.

बायकांसाठी एक लहान पण कामाचा मुद्दा: मिदोसुजी लाइनवर कामाच्या दिवशी महिलांचा डबा दिवसभर असतो, टोक्योत बहुतेक ठिकाणी तो गर्दीच्या वेळेपुरताच. रात्री नवाला ऑफिसमधून निघताना मला हा फरक रोज जाणवतो.

एकटे असाल, थोडं जपानी येत असेल आणि पहिली दोन-तीन वर्षं शिकण्यात घालवायची तयारी असेल, तर ओसाका मागून घ्या. पण ऑफर लेटरवर सही करण्याआधी एचआरला दोन प्रश्न लेखी विचारा: घर घेतानाचा सुरुवातीचा खर्च कोण भरणार, आणि हमीदार म्हणून कंपनी उभी राहणार का.