एमजीबीए: शेवटी माझ्या कडाब्राचा अलाकझाम झाला!

शाळेत असताना मोबाईलवर पोकेमॉन फायररेड हा गेमबॉय ॲडव्हान्सचा गेम खेळायचो तेव्हा कडाब्रा या पोकेमॉनची कितीही लेव्हल वाढवा, गडी तिथेच अडकायचा, कारण त्याचा अलाकझाम (पुढचं रूप) होतो फक्त ट्रेड केल्यावर, म्हणजे दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदल केल्यावर, आणि दोन गेमबॉय जोडणारी लिंक केबल कुठून आणायची! एक-दोन ॲपवर ट्रायसुद्धा केला, ऐन ट्रेडमध्ये स्क्रीन हँग, पार वैताग आला होता.

आता लॅपटॉपवर एमजीबीए टाकलंय, म्हणजे गेमबॉय ॲडव्हान्सचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा एम्युलेटर, एकदम फुकट. फाइल मेनूतून दुसरी मल्टिप्लेअर विंडो उघडायची, एकीत फायररेड दुसरीत त्याचाच जोडीदार गेम लीफग्रीन, दोन्हीकडे पोकेमॉन सेंटरच्या वरच्या मजल्यावर जाऊन काउंटरवरच्या बाईशी बोलायचं, मग दोन्ही गेममधल्या खेळाडूंना टेबलाशी समोरासमोर बसवायचं. जवळ निदान 2 पोकेमॉन पाहिजेत हां, एकटाच असेल तर ती बाई आत सोडत नाही.

कडाब्रा स्क्रीनवरच्या केबलमधून पलीकडे गेला, पांढरा झाला आणि दोन्ही हातांत चमचे घेतलेला अलाकझाम समोर, खरंच अंगावर काटा आला! लगेच परत आणला, शिवाय फायररेडमध्ये न मिळणारा व्हल्पिक्सपण घेतला, बदल्यात ग्राउलिथ दिला.

कमी एवढीच की दोन्ही विंडो एकाच कॉम्प्युटरवर लागतात, लांबच्या मित्राशी नेटवरून ट्रेड होत नाही. तरी माझ्याकडून पाचपैकी साडेचार.