विलियर्सचं जुनं टू-स्ट्रोक गवतकापणी यंत्र: मृगापासून संक्रांतीपर्यंत

मृगाच्या पहिल्या पावसानंतर सुरू केलेलं मशीन संक्रांतीपर्यंत चालवलं, म्हणून आता लिहायला हरकत नाही. रिळाच्या पात्यांचं जुनं यंत्र, वर विलियर्स या ब्रिटिश कंपनीचं छोटं टू-स्ट्रोक इंजिन. भुसावळच्या भंगारवाल्याकडे मिळालं. काम अमळनेरजवळच्या आमच्या गावच्या क्रिकेट मैदानाचं: काळी जमीन आणि हरळी. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा कापणी, दिवाळीनंतर पंधरा दिवसांतून एकदा.

आधी माझी चूक सांगतो, कारण असं इंजिन घेणारे बरेच जण तीच करतात. दुकानातून टू-टी तेलाचा, म्हणजे टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचा डबा आणला, त्यावर ५० ला १ (पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल) लिहिलेलं. लिटरला २० मिली टाकलं. तिसऱ्या दिवशी अर्धं मैदान झालं होतं. इंजिनाचा आवाज कोरडा व्हायला लागला, वेग उतरला आणि ते जागच्या जागी थांबलं. दोरी ओढली, हलेना. सिलिंडर उतरवला तर पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे चकचकीत ओरखडे, नख अडकेल इतके खोल.

अमळनेरला एक आप्पा आहेत, राजदूत आणि लुनांवर आयुष्य काढलेले. त्यांनी क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) धरून वरखाली हलवला आणि म्हणाले, "भाऊ, हाऊ बुश शे, बेअरिंग नही. तेल कमी पडनं का चिकटी जास."

बुश म्हणजे क्रँक ज्यात फिरतो ती साधी धातूची नळी. सगळं मर्म त्यातच आहे. टू-स्ट्रोकला खाली तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये (क्रँकभोवतीच्या बंद पेटीत) येतं, पिस्टन खाली येताना तिथे दाबलं जातं आणि बाजूच्या वाटेने वर सिलिंडरमध्ये जातं. क्रँकला जे काही तेल मिळतं ते या धुक्यातून. रोलर किंवा नीडल बेअरिंगला थोडा ओलावा पुरतो. गनमेटलच्या बुशला मात्र तेलाचा थर टिकून राहावा लागतो. म्हणून प्रमाण डब्यावर बघून ठरवू नका, इंजिनाच्या पोटात काय आहे ते बघून ठरवा.

शिवाय माझ्या पिस्टनच्या डोक्यावर उंचवटा आहे. आत येणारं ताजं मिश्रण समोरच्या एक्झॉस्टमधून तसंच निघून जाऊ नये म्हणून तो ते वर ढकलतो. जर्मनीत १९२० च्या दशकात आडॉल्फ श्न्यूर्ले यांनी पोर्टची (मिश्रण आत येण्याच्या वाटांची) दिशा वळवून हेच काम केलं, आणि पुढे सपाट डोक्याचे पिस्टन शक्य झाले. उंचवट्याचा पिस्टन जड असतो आणि उष्णता धरून ठेवतो. आपल्याकडच्या उन्हात ते लगेच जाणवतं.

लेथवर नवे बुश करून घेतले आणि दोरीच्या दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू व्हायला लागलं. झिजलेल्या बुशच्या फटीतून हवा आत ओढली जात होती. त्यामुळे क्रँककेसमध्ये दाबच धरत नव्हता आणि मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होत होतं. आधी मी उगाच कार्बोरेटरला दोष देत होतो. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट १५ थाउला (इंचाच्या हजाराव्या भागात १५) लावली, ठिणगी निळी आली.

तेलाचं म्हणाल तर पहिले दोन महिने १६ ला १ चालवलं, म्हणजे लिटरला साधारण ६२ मिली. ते प्रमाण जुन्या साध्या एसएई ३० दाटपणाच्या तेलाच्या काळातलं आहे. आता जासो एफडी (जपानी मानक) दर्जाचं टू-टी तेल वापरतो आणि २० ला १ वर थांबलोय, लिटरला ५० मिली. त्याखाली जाणार नाही. चारचाकीचं इंजिन ऑइल तर अजिबात नको, त्यातल्या रसायनांची राख प्लगवर साचते. बोटीच्या इंजिनाचं टू-टीही नको. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं.

"थोडं जास्तच टाकू, बिघडतं काय" असं म्हणणाऱ्यांसाठी: तेल वाढवलं की कार्बोरेटरच्या जेटमधून (बारीक भोकातून) तेवढं पेट्रोल कमी जातं. मिश्रण पातळ होतं आणि इंजिन उलट तापतं. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलनेही तेच होतं, कारण इथेनॉलसोबत ऑक्सिजन येतो. मी कार्बोरेटरची सुई एक खाच वर घेऊन पेट्रोल वाढवलं, तेव्हा प्लग पांढरट होता तो चहाच्या रंगाचा झाला. टाकीच्या तोटीतला जुना कॉर्क मात्र दोन महिन्यांत फुगून चुरा झाला, तिथे नवी तोटी बसवावी लागली.

दिवाळीनंतर जोर कमी वाटला. सायलेन्सर काढला तर एक्झॉस्टचं तोंड कार्बनने जवळपास निम्मं बुजलेलं. पिस्टन वर आणून तोंड झाकून घेतलं आणि बांबूच्या कामटीने खरवडलं. लोखंडी पेचकस लावू नका, चरे पडतात. तासाभराचं काम, पण त्यानंतर मशीनने ओल्या हरळीतही दम सोडला नाही.

मिश्रण मी एका वेळी दोन लिटरच करतो. आधी अर्धं पेट्रोल, मग तेल, कॅन हलवून उरलेलं पेट्रोल. महिन्याच्या आत संपवतो, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आता पुढच्या मृगापर्यंत मशीन उभंच राहणार, म्हणून टाकी आणि कार्बोरेटर कोरडे केलेत. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून दोरी हळू दोनदा ओढलीय.