सिलिका पॉलिमरमध्ये मिसळावी, की पॉलिमर सिलिकेवरच वाढवावा?

साच्यात दाबून आकार घेईल, आरपार दिसेल आणि नुसत्या पीएमएमएपेक्षा (म्हणजे ॲक्रिलिक प्लास्टिकपेक्षा) कडकही असेल, असं नॅनोकंपोझिट, म्हणजे अतिसूक्ष्म कण घातलेलं प्लास्टिक, हवं असेल तर छोट्या लॅबपुढे दोन रस्ते असतात. प्लास्टिकच्या तयार दाण्यात सिलिकाचे नॅनोकण ट्विन स्क्रूमधून, म्हणजे दोन स्क्रूंच्या मिसळणाऱ्या मशीनमधून, मिसळायचे, हा पहिला. दुसऱ्यात प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावरूनच पॉलिमरच्या साखळ्या वाढवायच्या आणि वरून वेगळा पॉलिमर न घालता तेच केसाळ कण प्रेसमध्ये दाबायचे. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या लॅबमध्ये पारदर्शक भागांसाठी मी दोन्ही करून पाहिलं आहे. तुमचा माल वेगळा असेल तर निष्कर्षही थोडा वेगळा निघू शकतो, हे धरून वाचा.

मिसळण्याचे फायदे खरे आहेत. वसईला जॉबवर्कवर कंपाउंडिंग करून देणारे मिळतात, मशीन तुमचं असायची गरज नाही, आणि माल किलोने नव्हे तर टनाने हवा असेल तर दुसरा रस्ता आज परवडतच नाही. काळे किंवा रंगीत भाग असतील, तर इथेच थांबा आणि मिसळा. एक मात्र सांगतो. या बाजूने बोलताना लोक टोयोटाच्या नायलॉन आणि मातीच्या कंपोझिटचं उदाहरण देतात. पण टोयोटाच्या संशोधकांनी 1980 च्या दशकात कॅप्रोलॅक्टम, म्हणजे नायलॉनचा कच्चा माल, मातीच्या थरांमध्ये शिरवून नायलॉन तिथेच तयार केला होता. म्हणजे ते उदाहरण खरं तर दुसऱ्या रस्त्याच्या जवळचं आहे.

माझा निर्णय झाला तो गुठळ्यांमुळे. फ्यूम्ड सिलिकाचे (ज्वाळेत तयार होणाऱ्या सिलिका पावडरचे) मूळ कण बारीक असतात, पण ते भट्टीतच एकमेकांना चिकटून साखळीसारखे बाहेर पडतात. स्क्रू कितीही जोर लावो, ते जोड सगळे सुटत नाहीत. त्यात मुंबईचा पावसाळा. कणांच्या अंगावर हायड्रॉक्सिल (OH) गट असतात, ते हवेतलं पाणी धरतात आणि एकमेकांनाही धरतात. ओव्हनला 120 अंशांवर ठेवलं की पाणी जातं, हायड्रॉक्सिल राहतात. पिशवी ओव्हनमधून काढून हॉपरपर्यंत नेईपर्यंत जुलैची हवा आपलं काम करून मोकळी. प्रेस उघडून चकती ट्यूबलाइटसमोर धरली की एखाद-दुसरा पांढुरका ठिपका दिसायचाच, आणि चकती वाकवली की तडा नेमका त्याच ठिपक्यातून निघायचा. मे महिन्यात स्वच्छ निघालेला तोच मसाला ऑगस्टमध्ये दुधाळ निघायचा. कणांना सिलेनचा, म्हणजे सिलिकाला चिकटणाऱ्या छोट्या रेणूंचा, लेप देऊन फरक पडला, बऱ्यापैकी पडला. पण तो लेप इतका आखूड असतो की भोवतालच्या साखळ्यांशी त्याची गुंतवण होत नाही. ठिपके कमी झाले, संपले नाहीत.

केसाळ कणांत हा प्रश्नच मुळातून निघतो. प्रत्येक कणाभोवती त्याचाच पॉलिमर असल्याने दोन सिलिका एकमेकींना भिडूच शकत नाहीत. पीएमएमए आणि सिलिकाचे अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचे आकडे), 1.49 आणि 1.46, जवळजवळ असल्याने चकती काचेसारखी निघते. ऋतू कुठलाही असो, ठिपका मला पुन्हा दिसलेला नाही.

त्रास इथेही आहे, फक्त तो बाटलीत असतो. पद्धत एटीआरपीची, म्हणजे पॉलिमरच्या साखळ्या काबूत ठेवून वाढवण्याची, 1995 पासून माहीत असलेली. कणावर ब्रोमीन असलेला इनिशिएटर (जिथून साखळी सुरू होते तो रेणू) बसवायचा, तांब्याचा कॅटॅलिस्ट, द्रावक म्हणून ॲनिसोल, आणि ऑक्सिजन कटाक्षाने बाहेर. हे जमत नसेल तर व्हिटॅमिन सी घालून कमी तांब्यात चालणारी आवृत्ती घ्या, ती थोडा ऑक्सिजन सहन करते. खरी काळजी जेल होण्याची. एका कणावर शेकडो साखळ्या वाढत असतात, त्यातल्या थोड्या जरी शेजारच्या कणाच्या साखळ्यांना जोडल्या गेल्या तरी अख्खी बॅच घट्ट होते. म्हणून मोनोमर (ज्यापासून साखळी बनते तो सुटा रेणू) बराच उरलेला असतानाच थांबायचं आणि उरलेला परत मिळवायची सोय करायची. खर्च वाढतो तो इथे.

साखळीची लांबी ठरवताना हात आखडता घेऊ नका. 15 नॅनोमीटरचा कण धरा आणि दर चौरस नॅनोमीटरला 0.6 साखळ्या. म्हणजे एका कणावर सुमारे 420. प्रत्येक साखळी 10,000 रेणुभाराची असेल तर सिलिका वजनाने 35 टक्क्यांच्या आसपास येते, 30,000 ची असेल तर 15 टक्क्यांच्या. 35 चा आकडा कागदावर मोहात पाडतो. पण दाट उगवलेल्या साखळ्या मुळाशी ताठ उभ्या असतात, गुंततात त्या फक्त टोकाकडे. आखूड साखळ्यांची चकती दिसायला सुंदर आणि बोटांत मोडणारी. मात्यशेव्स्की आणि बॉकस्टॉलर या संशोधकांच्या अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या गटांनी 2010 मध्ये पॉलिस्टायरीनवर हेच दाखवलं: साखळ्या पुरेशा लांब झाल्या की मगच क्रेझिंग (ताणाखाली तुटण्याआधी धाग्यांनी जोडलेल्या बारीक भेगा पडणं) दिसतं आणि चिवटपणा येतो. माझा कल 15 टक्क्यांकडेच आहे.

साच्यात मात्र घाई चालत नाही. हे कण सावकाश वाहतात, इंजेक्शनपेक्षा कॉम्प्रेशन प्रेस बरी पडते. पातळ भिंती, खोल रिब असतील तर मिसळलेला दाणाच घ्या.

पारदर्शक, लहान आणि भार झेलणारा भाग असेल तर मी केसाळ कणांनाच मत देईन, खर्च धरूनही. सुरुवातीला सिलिका पावडर घेऊ नका, कलॉइडल, म्हणजे द्रावकात सुटे तरंगत राहिलेले, कण घ्या, कारण एकदा वाळून चिकटलेले कण नंतर सुटत नाहीत. पहिली बॅच दाबण्याआधी पवईच्या आयआयटीतल्या सैफ (SAIF) या उपकरण केंद्रात टीईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची तपासणी, करून घ्या, तिथे बाहेरच्यांचे नमुनेही घेतात. आणि चकतीला हिरवट झाक दिसली तर तांबं राहिलंय, द्रावण पुन्हा ॲल्युमिनातून गाळा.