स्टीलचा सीलिंग हँगर, वर्सोव्याच्या बाल्कनीत दहा महिने

कपडे वाळत घालायला मे महिन्याच्या शेवटी घेतला, सहा पाइपवाला, दोरी-कप्पीचा. खोक्यावर 304 (हा स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) आणि 'गंजणार नाही' असं दोन्ही छापलेलं. आमच्यापासून समुद्र चालत पाच मिनिटं, जुना लोखंडी स्टँड दोन पावसाळ्यांत सडला, म्हणून म्हटलं एकदाच काय ते चांगलं घेऊ.

गणपतीपर्यंत चकाचक. नवरात्रात बायकोच्या पांढऱ्या ओढणीवर तांबूस रेघ उमटली, वर बघतो तर पाइपांवर चहा सांडल्यासारखे डाग! गंमत म्हणजे ज्यांच्यावर पावसाची झड थेट यायची ते कडेचे दोन पाइप स्वच्छ आणि आतले चार, जे कधी भिजलेच नाहीत, तेच डागाळलेले. मला आधी उलटंच वाटलं असतं.

तर झालं काय, 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम असतं, ते हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून वर डोळ्याला न दिसणारा पापुद्रा धरतं, ओरखडा गेला तरी तो परत भरतो (लोखंडाचा गंज भुसभुशीत, तो सुटून पडतो नि खालचं उघडं पडतं). पण मिठातलं क्लोराइड हा पापुद्रा बारीक बारीक ठिकाणी फोडतं. खारं वारं सगळ्याच पाइपांना लागतं, कडेच्यांना पाऊस आंघोळ घालतो, आतल्यांवर मीठ तसंच बसून राहतं आणि दमटपणा 75 टक्क्यांच्या वर गेला की त्याला पाणी सुटतं, पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला सुटतं तसंच.

त्यात मी शहाणपणा केला, तारेच्या घासणीने घासलं. तिचे लोखंडी कण पाइपवर राहिले, तेच गंजले, आठवड्यात डाग डबल.

दुकानदाराकडे गेलो तर म्हणे लोहचुंबक लावून बघा, चिकटत नाही म्हणजे 304च. अहो, स्वस्तातल्या 202 लाही चिकटत नाही! मग यावरून कळणार काय?

स्क्रू मात्र साधे, जस्ताचा मुलामा दिलेले. आधी पांढरी पूड आली, म्हणजे जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवत होतं, ते संपल्यावर लाल गंज. दिवाळीनंतर सगळे बदलले.

आता दर रविवारी नळाच्या पाण्याचं फडकं आणि मग कोरडं. नवीन डाग जवळपास नाहीत, जुने साबण नि मऊ स्पंजने बरेच फिके झाले. समुद्राला खेटून राहत असाल तर 316 बघा, त्यात 2-3 टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत जास्त टिकतं, महाग आहे पण. माझ्याकडून पाचपैकी तीन स्टार, त्यातला एक नुसता कप्प्यांना, अजून कुरकुरत नाहीत.