तालुक्याचा सर्जरीचा दवाखाना: 4 स्टार, त्यातले 3 ऑटोक्लेव्हवाल्या पोराचे

कापूस वेचून झाल्यावर बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन केलं. दवाखान्याचं नाव टाकत नाही, उगाच त्या पोराची पंचाईत व्हायची.

10 चा टाईम होता. बाबा रात्रीपासून उपाशी, भूलवाले डॉक्टर यवतमाळवरून आलेले अन् त्यांना पुढे दुसऱ्या केसला जायची घाई. 9:40 ला लाईट गेली. जनरेटर आहे न बाप्पा, पण त्यावर ओटीचे (ऑपरेशन थिएटरचे) दिवे अन् मशिनी चालतात, ऑटोक्लेव्हचं, म्हणजे वाफेनं औजारं-कापडाचे जंतू मारायच्या मशीनचं, हीटर त्याले ओढत नाही. पाऊण तासाने लाईट आली तर भूलवाले म्हणे ड्रम (औजारं-कापडाचा डबा) गरमच आहे, वरच्या पट्ट्याही काळ्या झाल्या, घ्या आता. ऑटोक्लेव्हवाला पोरगा दारातच उभा राहिला, म्हणते, "सर, मी हा ड्रम देत नाही. 121 डिग्रीवर पुरे 20 मिनिटं झालेच नाही. पहिल्यापासून लावतो." सर्जन दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले लाव.

माझं डोकं सटकलं. गेलो तिकडे, म्हटलं, "काऊन बे, बुढा तिकडे पाण्यावाचून तडफडून राहिला!" त्यानं आवाज नाही चढवला. म्हणे, "दादा, ही पट्टी गरमी लागली एवढंच सांगते, जंतू मेले का नाही हे नाही सांगत. अन् आतलं कापड ओलं निघालं तरी ड्रम बाद, ओल्या कापडातून जंतू आत जाते." मग रजिस्टर दाखवलं. लोड नंबर, टाईम, प्रेशर, टेम्परेचर, सही, अन् त्या दिवसाच्या ओळीत लाल पेनानं 'लाईट गेली, लोड रद्द'. आठवड्यातून एकदा चिवट जंतूंच्या जिवंत बीजाणूंची कुपी लोडमध्ये टाकून मशीनची परीक्षा घेतात म्हणे, अन् त्यात नापास झालं तर वाटलेले ड्रम परत बोलवायचे. हे मला पहिल्यांदा समजलं, तोवर वाटायचं कुकरसारखं शिट्टी झाली की झालं.

ऑपरेशन 1 वाजता झालं. डिस्चार्जच्या फाईलमध्ये त्या ड्रमच्या आतली पट्टी लोड नंबरसकट चिकटवलेली आहे. म्हणजे उद्या टाके पिकले तर कोणत्या दिवशी, कोणत्या लोडचं सामान अन् कोणाची सही, सगळं सापडते.

हे एवढं काऊन लिहून राहिलो, तर दोन वर्षांआधी दुसऱ्या एका ठिकाणी बायकोचं सिझर झालं, टाके पिकले, महिनाभर ड्रेसिंग. सामानाचाच दोष होता असं मी छातीठोक नाही म्हणत, टाके पिकायची कारणं पन्नास. पण विचारायला गेलो तर दाखवायला कागदाचा तुकडा नव्हता अन् वरून आम्हालाच ऐकवलं, तुम्हीच जखमेकडे लक्ष नाही दिलं.

एक स्टार कापला तो दवाखान्याचा. अख्ख्या ओटीले हा एकच माणूस, डबाही त्या भट्टीसारख्या खोलीत मशीनशेजारी खाते, पंखा सुद्धा नाही. पाणी इकडचं खारट, औजारांवर पांढरे डाग चढतात म्हणून आरओचं पाणी मागून मागून थकला म्हणे. नातेवाईकांच्या शेडमध्ये प्यायचं पाणी नाही ते वेगळंच, बाटली घरून न्या.

तारीख घेण्याआधी फोन करून विचारा, त्या दिवशी तो ड्युटीवर आहे का. सुट्टीवर गेला की ड्रम कोण लावते, हे मी काउंटरवर विचारलं तर बाई म्हणाली, "लावते न कोणीतरी."